काचेला चिकटलेला फोटो

लातूर,
७ सप्टेंबर २००९

ती. अप्पांना रुद्राणीचा पाया पडून नमस्कार.

मी बरी हाय. तुमचं खोकल्याचं औषध चालू असंल. होस्टेलचं वरण पाणचट ते पाणचटच. टेस्टमध्ये मार्क घसरले, ते सरांनी तुम्हाला फोनवर सांगितलंच हाय, म्हणून पुन्हा लिहीत न्हाई.

रविवारी तुम्ही नांदेडहून येऊन अव्वाच्या फोटोची फ्रेम परत नेणार, असा कमलम्मा आत्याचा निरोप आला. मार्कांची काळजी असती तर तुम्ही वह्या बघायला मागितल्या असत्या. फ्रेम का? फोनवर विचारलं असतं, पण अव्वाचं नाव काढलं की तुम्ही "अभ्यास कर" म्हणून फोन ठेवून देता. म्हणून पत्र.

आत्याच्या भिंतीवरून फ्रेम मी न विचारता आणली, हे खरं. काय करू अप्पा? भूकंपात घर गेलं, अव्वा गेली. तिचा हा एकच फोटो आत्याकडं होता म्हणून वाचला. मीही तशीच, त्या रात्री आत्याकडं होते म्हणून वाचले. त्यातही सगळ्या गल्लीच्या बायका, आणि अव्वाचं तोंड तुरीच्या डाळीएवढं. आत्यानं दर दसऱ्याला ओल्या फडक्यानं पुसून पुसून आत पाणी घातलं, फोटो काचेलाच चिकटून बसला. सतरा वर्षांची झाले, आईचं नाक कसं होतं ते मला माहीत न्हाई!

परीक्षेच्या फॉर्मसाठी पासपोर्ट फोटो काढायला आसिफभाईंच्या स्टुडिओत गेले होते, त्यांना फ्रेम दाखवली. ते म्हणाले, "ओढू नको बेटा, चेहरा निघून येईल. काचेवरूनच जवळून काढ." आपला जुना रोलचा कॅमेरा हातात दिला. "बिनधास्त चूक, मग येईल," म्हणाले.

मी लई चुकले. पहिल्या रोलात अव्वाच्या जागी काचेत माझंच तोंड. दुसऱ्यात खिडकीचा उजेड समोरून आला, सगळं पांढरं फटक. मग फ्रेम खिडकीला आडवी धरली, उजेड एका बाजूनं घेतला, दुसऱ्या बाजूला उजेड परतवायला जेवणाचं स्टीलचं ताट उभं केलं. काळ्या ओढणीला भोक पाडून त्यातून फक्त भिंग बाहेर काढलं, तेव्हा काचेतलं माझं तोंड गेलं. अजून जवळ जायचं तर भिंग काढून उलटं धरावं लागतं. मग डाळीएवढं तोंड मोठ्ठं दिसतं, पण नुसता श्वास घेतला तरी अंधुक होतं. श्वास कोंडायचा आणि बटण दाबायचं. क्लास बुडाले ते याच्यापायी.

आणि आलं, अप्पा! अव्वाचं नाक माझंच हाय. मी स्टुडिओतच रडले. भाईंनी चहा मागवला.

पत्र इथंच संपवायचं ठरवलं होतं. न्हाई जमत.

अव्वाच्या पदराआडून एक हात आलाय. लहान लेकराचा. पदर घट्ट धरलाय. मनगटात काळ्या मण्यांची मनगटी, मधे चांदीचा लांबट मणी. फोटोखाली साल नव्वद, आणि मी ब्याण्णवची. शेजारचं लेकरू असंल म्हणून मनाला लई समजावलं. मग आठवलं, तीच मनगटी आत्याच्या पेटीत हाय. "तुझीच हाय" म्हणून दाखवली, पण कधी हातात घेऊ दिली न्हाई.

आणि ते नारळ. दरवर्षी तीस सप्टेंबरला जुन्या गावात जाऊन तुम्ही दोन फोडता. एक अव्वाचा. दुसरा कुणाचा विचारलं की "देवाचा" म्हणता. देवाचा नारळ फोडताना माणूस एवढं रडतं का?

मला लई राग आलाय. घरातलं माणूस असं लपवतात व्हय? मी काय परकी होते? पण इतकी वर्षं तुम्ही तोंड दाबून रडलात, हे मनात आलं की रागसुद्धा धड टिकत न्हाई.

रविवारी या. फ्रेम देते, मार्कांवरून काय बोलायचं ते बोला, मान खाली घालून ऐकते. पण आधी नाव सांगा. अक्का होती का अण्णा, आणि अव्वा काय म्हणून हाक मारायची. औंदा दुसरा नारळ मी फोडणार हाय, नाव घेऊन.

तुमची धाकटी,
रुद्राणी