दोन पाटे काढताना

अण्णा, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला कधी काही लिहिलं नाही. तुम्ही होतात तेव्हाही बेहालाच्या गॅरेजमध्ये आपण दिवसभर दहा फुटांवर असायचो, पण बोलणं काय, तर कुठल्या गाडीचा कुठला पार्ट यायचा राहिलाय एवढंच. आज लिहितेय, कारण गेल्या वर्षी विश्वकर्मा पूजेच्या दिवशी जे झालं ते आईला अर्धं माहीत आहे, मिस्त्रीदांना पाऊण, आणि पूर्ण फक्त मला. मिस्त्रीदा अजून आहेत. तुमच्या हाताखाली शिकले आणि तुमच्यामागे गॅरेज त्यांच्याच जिवावर उभं आहे.

मी सोळा वर्षांची होते. जॅकवर उचललेल्या टेम्पोखाली एक पाना घरंगळत गेला आणि तो काढायला मी खांद्यापर्यंत हात आत घातला. तुम्ही मला दंडाला धरून ओढलंत आणि सगळ्यांसमोर थोबाडीत दिलीत. "जॅक उचलतो, धरत नाही! घोड्या कुठायत?" म्हणून ओरडलात. घोड्या म्हणजे आपल्या त्या लोखंडी टेकण्या. गाडी उचलायची, चेसिसखाली दोन घोड्या लावायच्या, जॅक सोडून वजन त्यांच्यावर द्यायचं, मग तुम्ही स्वतः खांदा लावून गाडी ढकलून बघायचात. ती हलली नाही तरच कुणी खाली जायचं. मला मात्र त्या दिवसापासून कायमची बंदी झाली. "तू वरचं बघ," म्हणालात. तीस वर्षं मी वरचंच बघतेय. गाडीखालचं सगळं मला ऐकून आणि वाकून बघून पाठ आहे, पण खाली कधी गेले नाही. याचा राग तुम्ही गेल्यावरही गेला नाही, अण्णा, खरंच सांगते.

तर विश्वकर्मा पूजेचा दिवस. सगळी हत्यारं धुऊन, तेल लावून मूर्तीपुढे मांडलेली, आपला मोठा जॅक आणि दोन्ही घोड्यासुद्धा, शेंदूर लावून, झेंडूच्या माळा घालून. दुपारी एक पिकअपवाला आला. पूर्वी हावड्याहून लोखंडी सळ्या वाहायचा, तेव्हा आपणच त्याच्या मागच्या कमानीत, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये, दोन पाटे वाढवून दिले होते. गाडी मागून उंच आणि दगडासारखी कडक झाली होती. आता त्याला दुर्गेच्या मूर्ती नेण्याचं काम मिळालं होतं, आणि एवढ्या धक्क्यांनी कच्च्या मातीला तडे जातात. दोन पाटे काढा, मागची बाजू खाली घ्या, म्हणाला, आणि गाडी ठेवून गेला.

मिस्त्रीदा म्हणाले, "दीदी, आज औज़ार को हाथ नहीं लगाएगा. कल सुबह पहला काम यही करेगा."

"उसको आज ही चाहिए," मी म्हणाले. "आप मत लगाइए. हम लोगों की औज़ार-पूजा खंडेनवमी को होती है, मुझे आज चलता है."

तुम्ही दोन्ही पूजा करायचात आणि इथल्या दिवशी इथल्यासारखं वागायचात. मी मात्र सोयीपुरती मराठी झाले. पिकअपमधलाच जॅक आणि पाने काढले. पूजेतल्या घोड्यांना हात लावला असता तर मिस्त्रीदांना फार लागलं असतं, म्हणून त्या राहू दिल्या. म्हणजे पूजेचा मान ठेवला आणि जीव जॅकवर टांगला. अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ते हेच.

मी पोत्यावर आडवी झालेय. मागचं एक चाक काढलंय. चेसिस जॅकवर आहे, जॅकखाली फळी, फळीखाली पावसाने भिजलेली माती. कमान आणि अ‍ॅक्सल एकत्र धरणाऱ्या यू-बोल्टचे तीन नट निघालेत, चौथा गंजलाय. बाहेरून मिस्त्रीदा तिसऱ्यांदा म्हणतात, "दीदी, बाहर आइए." मी म्हणते, "बस, एक बचा है," आणि पान्याला पाइप लावून जोराचा हिसका देते. गाडी बोटभर सरकते. फळी एका बाजूने मातीत रुतायला लागते. नाकासमोरचं चेसिस हळूहळू जवळ येतंय, कोपर अडकलंय. अशी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग पूजेचं ताट उपडं झाल्याचा आवाज आला. मिस्त्रीदांनी मूर्तीपुढची घोडी माळेसकट उचलून चेसिसखाली कोंबली होती. लोखंडावर लोखंड टेकलं आणि थांबलं. त्यांनी मला दोन्ही पायांना धरून बाहेर ओढलं. हनुवटी सोलवटली, बाकी काही नाही. ते मूर्तीपुढे बसून सांडलेले बत्तासे वेचत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन घोड्या लावल्या, खांदा लावून गाडी ढकलून बघितली, पाटे उसळू नयेत म्हणून आधी शिकंज्यात धरले आणि दोन तासांत काम संपवलं. गाडी मागून चार बोटं खाली आली.

हात पुसत मला म्हणाले, "दीदी, गलती मेरा है. घोड़ी को पूजा में मैंने रखा था. मालिक होते तो मुझे मारते."

मी होकाराने मान हलवली. नुसती हलवली, अण्णा. परवा या वर्षीची पूजा झाली. सगळी हत्यारं मांडली, पण त्यांनी घोड्या भिंतीशीच ठेवल्या आणि दिवसभर त्यांच्याजवळ स्टूल टाकून बसून राहिले. प्रसादालाही उठले नाहीत.

पिकअपवाला त्या दिवशी म्हणाला होता, मूर्ती आठवड्याने आणायची आहे, सावकाश करा. आजच करू असं मीच ठरवलं. मला एकदा गाडीखाली जायचं होतं आणि अडवायला तुम्ही नव्हतात. मिस्त्रीदा बाहेर अंगणातच आहेत. त्यांना हे सांगायला मी सकाळपासून तीनदा उठले, आणि तिन्ही वेळा परत येऊन तुम्हाला लिहीत बसले.