इवायांसाठी बार्बेक्यू कोंबडा

२६ जानेवारी, सोमवार
काल समीक्षाचं साक्षगंध झालं. पोरीच्या बोटात अंगठी पाहून डोळे भरून आले, वेळेवर आवरले. इवाई, म्हणजे व्याही, होणारा जावई रजत याचे वडील डोमाजी, यांचा कारंजा घाडग्याला हायवेवर ढाबा आहे. पंगतीत म्हणाले, मास्तर, तुमच्या घरी जेवल्याबिगर लग्नाची तारीख काढत नाई. मी पन्नास माणसांसमोर सांगून टाकलं की ८ तारखेला रविवारी या, बार्बेक्यू चिकन खाऊ घालतो. मी स्वतः करणार. एअर फ्रायरमध्ये, बिनतेलाचं, बिनधुराचं. ढाबेवाला माणूस चाटच पडला.

घरी आल्यावर समीक्षा म्हणाली, बाबा, आईले करू द्या ना. रजतची बदली व्हायच्या आत, मे महिन्यातच लग्न व्हावं असं तिला वाटतं. मी म्हटलं, निर्धास्त राह्य पोरी, तारीख तुझ्या बापाच्या हातात आहे.

२७ जानेवारी, मंगळवार
फ्रायर आला. चार लिटर. मी बावीस वर्षं आठवीला उष्णतेचं वहन शिकवतो आहे, सोबतचं पुस्तक वाचायची गरज वाटली नाही.

अडचण एकच. बायकोच्या, म्हणजे जयवंताच्या, स्वयंपाकघरात देवघर आहे, तिथे कोंबडी शिरत नाही. आमचं चिकन मागच्या आवारात चुलीवर होतं. बायको म्हणाली, फ्रायरही तिथेच जाईल. हे इलेक्ट्रिकचं यंत्र आहे, चूल नव्हे, असं समजावून सांगितलं. ती म्हणाली, कोंबडीले काय समजते ते. फ्रायर धुण्याच्या दगडावर ठेवला. एक्सटेन्शन बोर्ड खिडकीतून.

२८ जानेवारी, बुधवार, सायंकाळी
प्रयोग पहिला. बॉयलर कोंबडीच्या चार तंगड्या. सॉस माझा स्वतःचा: केचप, गूळ, लसूण, तिखट. २०० डिग्री. गुळानं कमाल केली. बाहेरून काळाभोर, आतून गुलाबी. याला स्मोकी म्हणतात. शेजारच्या शोभाबाईंनी भिंतीवरून विचारलं, भाऊजी, टायर काऊन जाळून राह्यले. जाऊ द्या. वास ओळखायलाही एक्सपोजर लागतं.

दोन तंगड्या मी खाल्ल्या. बाकीचे म्हणाले, भूक नाही.

२९ जानेवारी, पहाटे ५
पोट बिघडलं. कालचं ताक आंबट होतं.

३० जानेवारी, शुक्रवार
गांधीजींची पुण्यतिथी, चिकनची दुकानं बंद. सोमवार, गुरुवार, शनिवार घरात आधीच बंद. सराव करायचा कधी?

१ फेब्रुवारी, रविवार
प्रयोग दुसरा. सातव्या मिनिटाला बोर्ड वितळला, मेन स्विच पडला. जयवंताचा मिक्सर बंद, चटणी अर्धवट. यंत्र पंधराशे वॅटचं, बोर्ड मोबाइल चार्जिंगचा. म्हणजे चूक बोर्डाची. वायरमन माझाच जुना विद्यार्थी निघाला. म्हणाला, सर, वॅट आणि अँपिअर तुम्हीच तर शिकवलं होतं. अभिमान वाटला.

४ फेब्रुवारी, बुधवार
जमलं! जमलं! जमलं!

आवारात नवीन पंधरा अँपिअरची लाइन. गूळ रद्द, दही चालू. १८० डिग्री, अठरा मिनिटं, मध्ये एकदा उलटवायचं. समीक्षानं दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा मागितला! जयवंतासुद्धा म्हणाली, बरं झालं. तिच्या तोंडून एवढं ऐकायला मिळालं, अजून काय पाहिजे? आवारात एकटाच नाचलो. शोभाबाईंनी पाहिलं. पाहू दे.

समीक्षानं हात जोडून सांगितलं, बाबा, रविवारी अगदी असंच करा, काहीच बदलू नका. शब्द दिला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
बदल एकच केला. इवाई पहिल्यांदा जेवायला येणार आणि त्यांच्या ताटात बॉयलर? समाजात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. इवायाला गावरानी कोंबडाच पाहिजे. केळझरकडे जाऊन दोन दणदणीत कोंबडे आणले. विकणारा तानबा म्हणाला, दोन वर्षांचे पहिलवान आहेत, चुलीवर दीड तास लागते. बिचाऱ्याने एअर फ्रायर पाहिलेला नाही. माझा हिशेब वीस मिनिटं, फार तर बावीस.

जयवंतानं कोंबड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि खोबरं भाजायला बसली. कशाला म्हणून विचारलं. म्हणाली, असंच.

८ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ८
कोंबडे कापून, दही-मसाला चोळून तयार. आत्मविश्वास शंभर टक्के. नवा शर्ट.

दुपारी १.१०
पाच जण येणार होते. बोलेरोतून अकरा उतरले. कसे मावले कोण जाणे. फ्रायरमध्ये एका वेळी सहा तुकडे मावतात.

१.४०
पहिली खेप. रंग काय आला आहे! वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून टाकला. डोमाजींच्या ताटात मी स्वतः वाढलं.

१.५०
डोमाजींनी दातात धरून तुकडा ओढला. मानेच्या शिरा फुगल्या. तुकडा होता तसाच. रजत म्हणाला, छान आहे बाबा. दहा मिनिटं झाली, तो पहिलाच घास चावून राह्यला आहे. सोन्यासारखा जावई.

२.१५
आणखी वीस मिनिटं लावली. आणखी कडक झाला. हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

२.२०
समीक्षा आत जाऊन रडली. मला ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडून रडली. माझ्या हौसेपायी पोरीचं लग्न लांबलं तर मी स्वतःला माफ करणार नाही. हे खरं लिहितो आहे.

सायंकाळी ७
जयवंतानं पदर खोचला. फ्रायरमधले आणि परातीतले सगळे तुकडे उचलले, चुलीवर गंज, म्हणजे मोठं पातेलं, चढवला, वाटून ठेवलेला मसाला ओतला. वाटून कधी ठेवला होता? मग दीड तास सगळी पाहुणे मंडळी चुलीभोवती गप्पा मारत बसली. डोमाजी स्वतः लाकडं सारत होते. पंगत बसली ती चार वाजता. लालभडक तर्रीचा रस्सा. डोमाजींनी चार वेळा मागून घेतला, नाकातून पाणी येईस्तोवर. म्हणाले, वहिनी, असा रस्सा माह्या ढाब्यावर नाई.

मांस आधी फ्रायरमध्ये शेकल्यामुळेच रस्सा असा उतरला, हे मी दोनदा सांगितलं. कोणी मान वर केली नाही.

मग पंचांग निघालं. तारीख १० मे! समीक्षाचा चेहरा असा फुलला की मीच बसल्या जागी उड्या मारायचा राहिलो. तेवढ्यात डोमाजी म्हणाले, पण आमची एक अट आहे. काय मागतात आता?

म्हणाले, देणंघेणं काही नको. लग्नाचे आचारी आमचे राह्यतीन, अन् मास्तरांनी सैपाकाच्या मांडवाकडे फिरकावं नाई.

सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती समीक्षानं. मी मान्य केलं. लेकीसाठी बाप काय करत नाही?

९ फेब्रुवारी, सोमवार
स्वयंपाक नाही तर नाही, पाण्याचं डिपार्टमेंट मी घेणार. पाचशे माणसं, मे महिना, माणशी किती लिटर, कोणत्या तापमानाला, पूर्ण चार्ट बनवला. जयवंता म्हणाली, जारवाल्याशी माझं बोलणं झालं. सजावट मागितली. ती रजतच्या मित्रांकडे आहे. मग मी करू काय, असं विचारलं. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. म्हणाल्या, तुम्ही मांडवाच्या दारात हात जोडून उभे राह्यजा.

दिसायला सोपं आहे, पण यातही तंत्र आहे. आरशासमोर अर्धा तास सराव केला. कोपर नव्वद अंशात, मान किंचित झुकलेली, चेहऱ्यावर वधुपित्याचं स्मित. समीक्षा दारातून पाहत होती. म्हणाली, मस्त जमून राह्यलं बाबा. फक्त तोंडानं काही बोलू नका.