मोडेमचे दिवे बाबांच्या ताब्यात

...तर मामा, इंटरनेट तुटतंय म्हणून तू सांगितलंस ते सगळं तपासून झालं, आणि तसं काहीच नव्हतं. पोर्ट बरोबर होता, पासवर्ड बरोबर होता, आणि "तू नीट वाचत नाहीस" हा तुझा नेहमीचा आरोपही यावेळी लागू पडला नाही. (आई मागे उभी राहून म्हणतेय की आधी नमस्कार लिही, कंबर कशी आहे विचार, मग तुमचं ते मशीनपुराण. तर साष्टांग नमस्कार. कंबर कशी आहे? तू गोळ्या घेतोस की नाही, ते मामीने आईला वेगळं कळवायचंय. तुझ्या शब्दावर आईचा विश्वास नाही.)

परिस्थिती तुला अर्धीच माहितीये. तुझ्या सीडीवरून मी घरच्या कॉम्प्युटरवर जुनी सिस्टिम काढून लिनक्स टाकलं, पेंग्विनच्या चित्राचं, ते मस्त चाललं, फक्त इंटरनेट गेलं. नेमकी तेव्हाच ताई नोकरीसाठी लांब गेली आणि पोचल्याचा एक फोन करून गप्प झाली. बाबांनी वाट बघितली, बघितली, आणि मग जाहीर केलं की फोन नाही तर निदान तिचा मेल तरी दिसू दे. रविवारपर्यंत नाही दिसला, तर कॉम्प्युटरच्या दुकानातला माणूस येऊन ते पेंग्विनचं काढेल आणि जुनं होतं ते परत टाकेल. पेंग्विनच्या जिवावर बेतलं होतं, म्हणून मी पदर खोचला (पदर नाहीये, पण खोचला).

आधी कळलं की कॉम्प्युटरच्या आतला, फोनच्या लाइनवरून इंटरनेट लावणारा मोडेम लिनक्सला मोडेम वाटतच नाही. त्याला ड्रायव्हर नावाचा एक प्रोग्रॅम लागतो. तो कुठे मिळतो? इंटरनेटवर. (हे वाचून मी अशी हसले की आई स्वयंपाकघरातून धावत आली.) मैत्रिणीकडून फ्लॉपीवर आणला, तर फ्लॉपी अर्ध्यात करकरायला लागली. मग तू तुझा बाहेरून जोडायचा मोडेम पाठवलास, तो दिव्यांची ओळ असलेला डबा, आणि तो पहिल्या झटक्यात ओळखला गेला. त्याने नंबर फिरवला, शिट्ट्या मारल्या, घसा खाकरला आणि चक्क कनेक्ट झाला. मी आनंदाने खुर्चीवर उभी राहिले. खाली उतरेपर्यंत स्क्रीनवर "नो कॅरिअर", म्हणजे लाइन तुटली.

परत लावलं, परत तुटली. कधी लगेच, कधी मेलचं पान अर्धं उघडल्यावर, म्हणजे जास्त जिव्हारी लागेल अशा वेळी. स्पीड कमी केला. वायर बदलली. सेटिंगची फाइल इतक्यांदा बदलली की आपण मुळात कशा होतो हे तिलाही आठवत नसेल. शेजारच्या काकूंनी मिक्सर लावला की तुटते अशी माझी एक थिअरी होती, म्हणून त्यांना मिक्सर बंद ठेवायची विनंती करून आले. त्यांनी तो ठेवलाही, आणि त्याच्याबरोबर आईशी बोलणंही बंद ठेवलं.

शनिवारी जेवताना बाबा सहज म्हणाले की आपला फोन आता पार कामातून गेलाय. कशावरून, मी विचारलं.

"उचलला की आत कोणीतरी किंचाळतं. मी लगेच ठेवून देतो."

मामा, माझा घास हातातच राहिला. वाजत नसलेला फोन उचलायचा कशाला? तर तो जिवंत आहे का ते बघायला. तुला ही सवय माहितीच आहे. एकदा फोन कितीतरी दिवस बंद पडलेला होता आणि घरात कोणाला पत्ताच नव्हता, तेव्हापासून बाबा येता-जाता रिसीव्हर कानाला लावून बघतात. ताई गेल्यापासून तर पेपरचं पान उलटलं की रिसीव्हर, चहाचा घोट झाला की रिसीव्हर. लाइन एकच, आणि तिच्यात किंचाळणारा माझा मोडेम. ते बाहेरच्या खोलीत उचलणार, आतल्या खोलीत माझं कनेक्शन मरणार, मी परत लावणार, ते परत उचलणार. आम्ही बाप-लेक भिंतीच्या दोन बाजूंनी एकच वायर ओढत बसलो होतो.

मी बोलायला तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "तिने केला असेल गं फोन. आपलाच लागत नसेल."

मग मी उघडलेल्या तोंडात घास घातला.

रविवारी दुकानवाला यायच्या आत मी लांब वायर ओढून मोडेम बाहेर फोनशेजारी नेऊन ठेवला. बाबांना सांगितलं, हे दिवे लुकलुकतायत तोवर लाइन जिवंत, उचलून बघायची गरजच नाही, तुम्ही फक्त लक्ष ठेवा. बाबा खुर्ची ओढून समोर बसले. मी आत जाऊन डायल केलं. "लुकलुकतोय," बाहेरून आवाज आला. मग, "अजून लुकलुकतोय." आणि ताईचे मेल धडाधड उतरले, एकावर एक. ती बरी आहे, खोली मिळालीये, आणि प्रत्येक मेलच्या शेवटी तोच प्रश्न: तुमचा फोन कायम एंगेज का लागतो? (कोणामुळे, ते तुझ्या लक्षात आलं असेल. बाबांच्या नाही आलं.)

बाबांनी सगळे मेल वाचले, चष्मा पुसून परत वाचले, आणि दुकानवाल्याला दारातूनच वाटेला लावलं. म्हणाले, आमचं छान चाललंय. पेंग्विन वाचला.

तुझी,
बिनपगारी इंजिनिअर भाची

ता. क. बाबांना मी खरं सांगितलेलं नाही. ते उचलत होते म्हणून माझं तुटत होतं, आणि मी लावत होते म्हणून ताईला लागत नव्हतं, यातलं काहीच नाही. दोष तू पाठवलेल्या मोडेमात होता आणि मी तो दुरुस्त केला, असं सांगितलंय. त्यामुळे ते तुला फोनवर चार शब्द सुनावणार आहेत. तू फक्त "हो दाजी, माझंच चुकलं" एवढं म्हण. पत्र त्यासाठीच आहे. (मेल केला असता, पण हल्ली मेल उघडला की बाबा शेजारी खुर्ची टाकतात.)

आणखी एक ता. क. तुला हे पत्र मिळायच्या आत त्यांचा फोन लागू नये, म्हणून मी सारखी ऑनलाइन बसलेय. बाबा समोर दिवे बघतायत आणि जाम खूश आहेत. आता तूच सांग, याला खोटं बोलणं म्हणायचं, की हाही दुरुस्तीचाच भाग? तुला काय वाटतं?