दुकान लुटायचं आहे

सीपरी बाजार, झाशी
२० जानेवारी २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शाळा सुटल्यावर छावणीच्या रस्त्याने आपण बोरं खात यायचो. तू प्रत्येक बोरामागे मला एक इंग्रजी स्पेलिंग विचारायचीस आणि चुकलं की बोर तुझं. वर्षभरात माझ्या वाट्याला दहा-बारा आली असतील. आज माझं इंग्रजी पुन्हा अडलंय. तू मोबाइल उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

आमच्या सूनबाईने, दीप्तीने, मला कॉम्प्युटरमधल्या एका जगात दुकान काढून दिलंय. तिथे माणसं आपापली बाहुली होऊन हिंडतात, खरेदी करतात. त्या बाहुल्यांसाठी मी लुगडी रंगवते. तीन वर्षांत एकेचाळीस झाली. आमचे हे अजून विचारतात, की ऑटोवाल्या भैयाला पत्ता काय सांगायचा.

दीप्ती म्हणाली, जाहिरातीशिवाय तुमची कला दिसणार कुणाला? म्हणून मी दुकानात संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं आणि तिथल्या चौकात फलक लावला, की रथसप्तमीपर्यंत रोज संध्याकाळी आमच्या दुकानात लुटायचं आहे, सर्वांनी यावं, ओळखीच्यांनाही आणावं. आपण वाण लुटतो म्हणजे वाटतोच ना! पण तिथे मराठीचं आपोआप भाषांतर होतं. पहिल्याच संध्याकाळी तलवारी घेतलेले चौदा जण आले, आणि एक ड्रॅगन. मी सगळ्यांना बसवून कुंकू लावलं. ड्रॅगनचं कपाळ काही सापडेना.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी कुलूप ठोकलं. आरोप काय, तर दरोड्याला चिथावणी! पंधरा फेब्रुवारीपर्यंत खुलासा पटला नाही, तर दुकानातलं सगळं कायमचं पुसणार. ताई, आईच्या अंजिरी लुगड्याचे रुईफुली काठ मी आठवून आठवून तिथे काढलेत. दुसरी प्रत नाही. लुगड्याची तर गोधडीसुद्धा उरली नाही. त्यांची नोटीस सोबत जोडलीय, खुलासा तूच लिही.

रागाव हवी तेवढी, पण लोभात काटछाट नको.

तुझी
सरला

इंदूर
२७ जानेवारी २०२४

चि. सौ. सरलास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग रागावले, मग परत हसले. बासष्ट वर्षांची बाई भर चौकात फलक लावून स्वतःचं दुकान लुटवते! विद्याधररावांनी तुला आवरायचं, तर त्यांना स्वतःचा चष्मा आवरत नाही. आणि पाच पिढ्या झाशीत काढून हिंदीत लूट कशाला म्हणतात, हे तुला कळू नये? शेजारच्या भावनाने फलक वाचला असता, तर दाराला आतून कडी घातली असती.

खुलासा चार पानी आहे. उत्तरायणापासून सुगडापर्यंत सगळं घेतलंय. मुख्य वाक्य असं, की इतरत्र लुटणारा घेऊन जातो, आमच्याकडे लुटणारी देते. दीप्तीला सांग, एक स्वल्पविराम हलवायचा नाही. त्यांच्या नोटिशीत व्याकरणाच्या तीन चुका होत्या, त्याही सुधारून सोबत जोडल्या आहेत.

पण नुसत्या आपल्या शब्दावर कोण विश्वास ठेवतो? त्या पंधरा जणांतला एक तरी साक्षीदार शोध. आणि आईचं लुगडं जांभळं होतं. ते आधी वाचव, रंगावरून भांडण मग करू.

तब्येतीला जप. माझी माया आहेच, मागायची गरज नाही.

तुझी
ताई

सीपरी बाजार, झाशी
८ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुकान उघडलं! तुझा खुलासा आधी परत आला होता. पाचशे अक्षरांच्या वर ते घेतच नाहीत. दीप्तीने तुझं ते एक वाक्य ठेवलं, बाकी कापलं. व्याकरणाच्या चुका तिने पाठवल्याच नाहीत, हे मला आज कळलं. दोष तिला दे, मला नको.

साक्षीसाठी मी सगळ्यांना लिहिलं. तलवारवाले गप्प. उत्तर आलं ते ड्रॅगनचं, तेही चक्क मराठीत. काकू, मी हळदीकुंकवालाच आले होते, असं. बबिन्याच्या फौजी क्वार्टरमध्ये राहते, बकुळ नाव, मूळची साताऱ्याची. आठ महिन्यांत तिला इकडे एकही मराठी घर भेटलं नव्हतं. स्वतःची बाहुली करता येईना, म्हणून नवऱ्याच्या ड्रॅगनमध्ये बसून आली. तिने लिहून दिलं, की या बाईंनी मला बसा म्हटलं, वाण दिलं आणि कुंकवासाठी दहा मिनिटं कपाळ शोधलं. त्यावर कुलूप निघालं. परवा ती खरीखुरी घरी आली. कपाळ लगेच सापडलं.

आता ऐक. चौदा तारखेला माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. रथसप्तमी सोळाला, आणि डॉक्टर मला पडद्याकडे बघू देणार नाहीत. तेव्हा दुकानात तू बसायचंस. दीप्ती लॅपटॉप घेऊन पंधराला तुझ्याकडे पोचेल. तुझी बाहुली तयार आहे, चष्म्यासकट. नाही म्हणू नकोस.

लोभ आहेच, तो गिऱ्हाइकांवरही असू दे. कुणाला काय द्यायचं ते लिहिते.

तलवारवाल्यांना एकेक उपरणं, पण तलवार दाराबाहेर ठेवतील त्यांनाच. व्यवस्थापक आले तर तिळगूळ, आणि त्यांचं व्याकरण काढायचं नाही. बकुळला निळी नऊवारी. कासोटा शेपटीवरून जाईल अशी मुद्दाम बेतली आहे.

आईचे रुईफुली काठ मागेल त्याला दे. ओळखीचा-परका बघू नकोस. इतक्यांच्या अंगावर गेले, की कुणी एका दिवसात पुसू शकणार नाही. आणि कुणी खरोखर दरोडा घालायला आलाच, तर त्याला दोन दे.

तुझी
सरला