रुमालाखालचा भाव

मुंबई, ७ एप्रिल १९४६

दादा,
तुमच्या पायांवर डोकं ठेवतो. माझी तब्येत बरी आहे, खानावळीत ज्वारीची भाकरी मिळते. वहिनीचा खोकला थांबला का?

तुमचं पत्र वाचलं. बँकेच्या पुस्तिकेतल्या लेखात मी छापलेला वसमतचा भाव तुमी अडत्याला दाखवला, त्याच्या रुमालाखाली हात घालायला नकार दिला आणि हळदीची गाडी कुरुंद्याला परत आणली. ‘आमचा भुजंग बँकेत अभ्यास करून लिहितो, तो खोटं काहून लिहील,’ असं चारचौघांत म्हणालात.

दादा, तो भाव खोटा आहे. आपल्याकडं भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरतो, तोंडानं कोणी बोलत न्हाई, हे मी बँकेतल्या साहेबाला लिहून दिलं होतं. तो हसला. म्हणाला, तक्त्यात रकाना रिकामा ठेवता येत नाही, सांगलीचा भाव टाका, हळद ती हळद. तो आपल्या भावापेक्षा चढा, तरी मी टाकला. तेव्हापासून माझ्याच हाताची किळस येऊन राहिली.

हळदीला कीड लागायच्या आत विका. रुमालाखाली हात घाला, लाजू नका. कोणी माझं नाव काढलं तर पोरगं शिकून वाया गेलं म्हणा.

त्याच लेखावर मला बढती मिळाली आहे. आईला कळू देऊ नका, ती गावभर साखर वाटील.

तुमचा धाकटा,
भुजंग