भात गोड लागला

लाडक्या रंगूस,
डोंबिवलीहून अक्काचा पोटभर आशीर्वाद.

माझ्या घशाच्या कॅन्सरचे रेडिएशनचे शेक संपले, तोंडातले फोडही वाळले. चव मात्र परतली नव्हती. काहीही खाल्लं तरी ओला कापूस चघळल्यासारखं. वजन आणखी उतरलं तर नाकातून नळी घालू, म्हणाले डॉक्टर. हे नळीचं तुला कळवलं नाही, रागावू नकोस.

काल गौरीचा नैवेद्य मीच करते म्हटलं, तर सूनबाई घाबरली. "आई, चवच नाही तर मीठ कसं कळणार तुम्हाला?"

"अगं समीक्षा, नैवेद्याचं कोण चाखून बघतं? जन्मभर हाताच्या अंदाजानंच घातलंय."

लेकाने, संदेशने वरण भुरकलं नि म्हणाला, "मीठ अगदी तुझ्या हातचं!"

मग प्रसाद म्हणून मीही बसले. तू पाठवलेल्या तांदळाचा मऊ भात पाण्याच्या घोटाबरोबर ढकलत होते. आणि रंगू, एका घासाला जिभेच्या कडेला गोडवा जागा झाला! गूळ नाही, साखर नाही, नुसता भात गं. सत्तर वर्षं खाल्ला, पण तो इतका गोड असतो हे कधी कळलंच नाही. घास तसाच धरून बसले, गिळायला धीर होईना.

"आई, ठसका लागला का?" समीक्षाने विचारलं. मी आणखी भातासाठी ताट पुढे केलं.

आज पुन्हा कापूस. चव अशीच येते-जाते म्हणे. येऊ दे सवडीने, मी जेवत राहीन.

तुझे गुडघे कसे आहेत? कुणी इकडे येणार असेल तर तेच तांदूळ धाड.

तुझी हावरट
अक्का