करवत दादाला, हातोडा ताईला

आज सोमवार, दिनांक ५ फेब्रुवारी २०२४. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे झाली आहेत. मी अंगणात मशीनच्या करवतीच्या साखळीला कानस मारत बसलो होतो. निम्मे दात झाले. उरलेले हे लिहून झाल्यावर करीन. गुरुवारी सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत आणि त्याआधी दोन्ही कामे हातावेगळी व्हायला हवीत.

मी, खाली सही करणारा, वय एकतीस, शिक्षण आठवी, धंदा स्वतःच्या रानातले लाकूड तोडून विकणे, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. बिघाड झडपेत आहे, डोक्यात नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. दडपण दादाने आणून पाहिले, लाकडाच्या ठेकेदाराने पाहिले, रानात घुबडे मोजायला येणाऱ्या पक्षीबाईंनीही पाहिले. तिघांचेही काही चालले नाही, म्हणून हे वाक्य खरे आहे.

डॉक्टर म्हणाले, पन्नासात एखादाच दगावतो. मी वखारीत ओंडके मोजत मोठा झालो. पन्नासात एक किडका निघतोच. म्हणून लिहिलेले बरे.

१. माझी मुख्य मिळकत म्हणजे ओढ्याकाठचे बावीस एकर रान. बाबांच्या पश्चात दादाने आपला वाटा ट्रकसाठी रोख घेतला, ताईने शिवणाच्या दुकानासाठी घेतला, आणि रान माझ्या नावावर झाले. कागद ट्रंकेत, डाव्या बाजूला, प्लॅस्टिकच्या पिशवीत आहेत. बाबांनी रानाचे बारा पट्टे पाडले होते. वर्षाला एकच पट्टा घ्यायचा, ओळीने नव्हे, ज्यातली झाडे भरली असतील तो, त्यातलीही फक्त कवेत न मावणारी झाडे तोडायची, बाकीची वाढू द्यायची. बाबा म्हणत, केस कापावेत, मान नव्हे. मी सहा वर्षे तसेच केले आहे आणि त्यावरच जगलो आहे. मी झाडे तोडणारा माणूस आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही, हे पक्षीबाईंच्या संस्थेने नीट वाचावे.

२. आता भांडणाचे लिहितो, कारण ते कळल्याशिवाय पुढची कलमे विचित्र वाटतील.

तीन वर्षांपूर्वी चौथ्या पट्ट्यात दादाने एका जुन्या झाडावर कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे पात्यामागची बोथट बाजू, ठोकला, आवाज पोकळ आला. ट्रकच्या वाटेवर पडेल म्हणून त्याने ते पाडले. आत मासे पकडणाऱ्या मोठ्या घुबडाची दोन पिल्ले होती. एक जागेवर गेले. दुसरे ताईने ओढणीत गुंडाळून घरी नेले, ते चौथ्या दिवशी गेले. पक्षीबाई या घुबडांची मोजणी करतात. त्यांनी तेव्हा सांगितले की साऱ्या खोऱ्यात अशा अकरा जोड्या उरल्या आहेत, आणि एवढ्या मोठ्या पक्ष्याला पुरेल अशी ढोली तयार व्हायला झाडाला दीडशे वर्षे लागतात. हे मला ठाऊक नव्हते. दादालाही नव्हते. पण ताईने त्याच्याशी बोलणे टाकले ते आजपर्यंत.

ती जोडी दोन वर्षे फिरकली नाही. यंदा जानेवारीत परत आली. सातव्या पट्ट्यातल्या ढोलीत मादी बसली आहे.

त्याच जानेवारीत डॉक्टरांनी झडपेच्या खर्चाचा आकडा सांगितला. पुढच्या रविवारी वहिनींच्या स्वयंपाकघरात दादाने माझ्यासमोर नोटांची चळत ठेवली.

"घे. झडपेचे पैसे. बयाणा आहे, बाकीचे तोड सुरू झाली की देतो म्हणालाय."

"कोण?"

"ठेकेदार. रान दिलं त्याला. बाराच्या बारा पट्टे. बारा तारखेला माणसं लावतो. साफ करून सरळ रांगांत नवी रोपं लावणार, सात वर्षांत तोडीला येणारी."

ताई वहिनींच्या पडद्याची मापे घ्यायला आली होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "त्याला विचार, ढोलीचं झाडसुद्धा?"

"तिला सांग, ठेकेदार झाडात डोकावून बघत नाही."

"त्याला सांग, रान त्याच्या नावावर नाही."

"तिला सांग, तिच्याही नाही. आणि भाऊ दोघांचा आहे."

वहिनी म्हणाल्या, "मला एवढंच कोणीतरी सांगा, वाढू की नको?"

मग दादा माझ्याकडे वळला. "घुबडं काय भाडं देतात तुला? उद्या काही झालं तर ती येणार आहेत खांदा द्यायला?"

मी म्हणालो, "तू तरी वेळेवर पोचशील का? तुझा ट्रक चालू व्हायलाच अर्धा तास लागतो."

कोणी हसले नाही. दादा म्हणाला, "झाडं पुन्हा येतील. तू येणार नाहीस." त्याने ताटाला हात लावला नाही.

याचे उत्तर मला दोन दिवसांनी सुचले. ते पुढीलप्रमाणे.

३. माझ्या झडपेसाठी माझे रान पडणार नाही. बयाणा मी ठेकेदाराला परत केला आहे. त्याने तीनदा मोजून घेतला आणि पावती दिली. देताना म्हणाला, "आज नको म्हणतोस. तू आत असताना तुझा भाऊच बोलवेल मला." म्हणून हे लिहिणे भाग पडले. मी गेलो आणि कागद नसला तर रान दादा आणि ताईत वाटले जाईल, दादाने शब्द दिलेला आहे, आणि आठ दिवसांत तिथे नुसते बुंधे राहतील. ते होऊ नये एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

४. रानाची जमीन मी ताईला देतो. जमीन म्हणजे माती, ओढा, वाट आणि कुंपण.

५. त्या जमिनीवरची झाडे पट्ट्यापट्ट्याने, बाबांच्या रीतीने तोडण्याचा आणि विकण्याचा हक्क मी दादाला देतो. माझी मशीनची करवत, दोन्ही कुऱ्हाडी, पाचरी आणि दोरखंड त्याचे. लाकडाच्या पैशांतले दोन भाग दादाचे, एक भाग ताईचा.

६. शिक्क्याचा हातोडा मी ताईला देतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: या हातोड्याच्या तोंडावर आमच्या रानाची खूण कोरलेली आहे. तोडायच्या झाडावर ती दोनदा उठवतात, एकदा छातीच्या उंचीवर आणि एकदा अगदी खाली, मुळाशी. वरची खूण लाकडाबरोबर वखारीत जाते, खालची बुंध्यावर राहते. खूण नसलेला ओंडका वखारीत घेत नाहीत, आणि खूण नसलेला बुंधा रानात सापडला तर चोरी झाली असे समजतात. म्हणजे ताईच्या हातोड्याशिवाय दादाला एक फांदी विकता येणार नाही, आणि दादाच्या करवतीशिवाय ताईला जमिनीचा सारा भरता येणार नाही.

झाडे निवडायला दोघांनी एकत्र जायचे. एकट्याने निवडलेले झाड निवडलेले धरू नये. मधे निरोप्या नेऊ नये. त्याला सांग, तिला सांग, हे काम आजवर मी केले. ते मी कोणालाही वारसाने देत नाही.

७. रानात पोकळ झाडे नऊ आहेत. त्यांना मी पांढऱ्या रंगाचे कडे मारले आहे. ती दादाच्या हक्कात येत नाहीत. वखारीत पोकळ लाकडाला सरपणाचा भाव मिळतो, तेव्हा आपले किती नुकसान होते ते दादाने स्वतःच काढावे. तसेच फेब्रुवारी ते जून या पाच महिन्यांत रानात करवत चालू करायची नाही. एवढे दिवस पिल्लांना लागतात, हे पक्षीबाईंकडून कळले आणि मला पटले. उरलेल्या सात महिन्यांत करवत चालेल, आणि ती बंद करायला सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही, पक्षीबाईंनाही नाही.

८. दादा, तू पांढऱ्या कड्याच्या झाडाला हात लावलास किंवा पिल्लांच्या महिन्यांत करवत सुरू केलीस, तर तुझा तोडीचा हक्क त्या दिवशी संपला आणि तो ताईचा झाला.

आणि ताई, तू आता मनातल्या मनात हसू नकोस. रागाने किंवा पाखरांच्या मायेने, कारण काहीही असो, तू लागोपाठ दोन वर्षे हातोडा उचलला नाहीस, तर जमीन दादाची झाली. तुला एकही झाड पडायला नको आहे हे मला माहीत आहे. पण ज्या रानातून दमडी येत नाही ते रान शेवटी कोणीतरी विकतोच, आणि घेणारा ठेकेदारच असतो.

९. राहत्या घराच्या दोन खोल्या, भांडी, पलंग आणि पाण्याची टाकी वहिनींना. दादाला नाही. दादाच्या नावावर केले तर घर ट्रकच्या हप्त्यात जाईल. वहिनी, नळ उजवीकडे फिरवून वर उचलावा लागतो, नाहीतर गळतो.

१०. माझे हेल्मेट आणि कानावरचे झाकण दादाला. हे डोक्यात घालायचे असते, ट्रकच्या आरशाला लटकवायचे नसते. शब्दकोश ताईला. बूट कोणालाच होणार नाहीत, ते मी घालूनच जाईन.

११. खालील लोकांना मी काहीही देत नाही आणि का ते सांगतो.

ठेकेदाराला. कारण वर आले आहे.

पक्षीबाईंच्या संस्थेला. त्यांनी मला कागद आणून दिला होता, कायमची तोडबंदी, बदल्यात वर्षाला मानधन आणि रानाच्या तोंडाशी एक पाटी. मानधनात करवतीचे तेलही येत नाही, आणि पाटी तर लाकडाची होती. स्वतः पक्षीबाईंबद्दल माझी तक्रार नाही. त्या भर पावसात ढोलीखाली बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

वखारवाल्यांना. ते घेर मोजताना फीत इतकी आवळतात की झाडाचा जीव दुसऱ्यांदा जावा. त्यांना माझी सैल फीत भेट द्यावी असे मनात होते, पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असा नियम आहे. ते साक्षीला लागणार आहेत, म्हणून फीत माझ्याकडेच राहील.

१२. इस्पितळाबद्दल. कोणी म्हणेल की याने हट्टापायी आपला जीव टांगणीला लावला. तसे झालेले नाही. मी तिथल्या हिशेबनीसाकडे गेलो आणि निम्मे पैसे आता, निम्मे ऑक्टोबरअखेर असे मागितले.

"मधे हप्ते का नाही?"

"मधे तोड बंद असते. पिल्लं आहेत."

"किती आहेत तुम्हाला?"

"मला नाहीत. घुबडाला आहेत."

त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाला, "इथे लोक सोनं गहाण ठेवतात, घर ठेवतात. तुम्ही काय ठेवणार?" मी पाचव्या पट्ट्यातल्या विक्रीच्या चौतीस झाडांची यादी पुढे केली. तो आत जाऊन मोठ्या साहेबांना विचारून आला आणि म्हणाला, "जामीन आणा." जामीन म्हणून दादाने सही केली. सही करताना तो मला घुबड म्हणाला. आणखीही बरेच म्हणाला, ते इथे लिहिण्यासारखे नाही. पण सही केली, हे नोंदवून ठेवतो.

१३. मी जगलो तर हे मृत्युपत्र तसेच ठेवायचे आहे, फाडायचे नाही. झाडे निवडायला दादा आणि ताईने एकत्र जाण्याचे कलम मी जिवंत असतानाही लागू समजावे. असे कायद्यात बसत नसेल तर कायद्याने मला येऊन सांगावे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला आणि स्वतः दोनदा वाचला. खाडाखोड एकाच ठिकाणी आहे, कलम आठमध्ये, तिथे बाजूला सही केली आहे. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आणि माझ्यासमोर सह्या केल्या.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली. दिनांक ५ फेब्रुवारी २०२४, दुपारी चार.

(सही)

साक्षीदार पहिले: वखारवाले. वाचून म्हणाले, "आवळतो म्हणजे? मी नियमानं मोजतो." तरीही सही केली. खूण नसलेला ओंडका या रानाचा म्हणून घेणार नाही, असे खाली स्वतःच्या हाताने लिहून दिले.
(सही)

साक्षीदार दुसऱ्या: पक्षीबाई. म्हणाल्या, "मला हे पूर्ण पटलेलं नाही. दर वर्षी येऊन मोजणार मी." मी म्हटले, मोजा.
(सही)

सोबत जोडलेला हिशेब, आजअखेर:

ऑपरेशनचा एकूण खर्च: ३,२०,०००
भरले, बँकेतली शिल्लक: १,१२,०००
भरले, मोटरसायकल विकून: ४८,०००
ठेकेदाराचा बयाणा: १,००,०००, जसाच्या तसा परत, दिनांक ३ फेब्रुवारी, पावती टाचली आहे
वखारवाल्यांकडून येणे, मागच्या मालाचे: ६,४००
दादाला देणे, ट्रकचे भाडे: २,२००
ताईला देणे, औषधे: ३५०
घरात रोख: १,१४०
इस्पितळाला देणे: १,६०,०००, ऑक्टोबरमध्ये, पाचव्या पट्ट्यातून. त्याआधी एकही झाड नाही.